आधी रजेचा अर्ज आठवा, मग 'एस'चं बघू

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, मी मूळची सांगलीची, आता पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. रोज संध्याकाळी अमेरिकेच्या क्लायंटशी कॉल असतो आणि त्याचे मिनिट्स, म्हणजे कॉलवर काय ठरलं त्याची नोंद, लिहायचं काम माझ्याकडे. गेल्या महिन्यात मी लिहिलं, 'द क्लायंट रिक्वेस्टेड दॅट द व्हेंडर सबमिट्स द रिपोर्ट बाय फ्रायडे.' तिकडच्या मॅनेजरनी सगळ्यांना कॉपीत ठेवून दुरुस्ती पाठवली, 'सबमिट', एस नको. मला शाळेत बाईंनी छडी मारून शिकवलंय की ही, शी, इटला एस लागतो! मग मी सगळीकडचे एस काढायला लागले. त्यात 'द व्हेंडर इन्सिस्टेड दॅट द बॅकअप बी टेकन डेली' लिहून बसले आणि व्हेंडरचा फोन, की आम्ही असं मागितलंच नाही, बॅकअप आम्ही रोज घेतोच असं सांगत होतो. परवा 'आय आस्क्ड इफ ही वेअर अव्हेलेबल' लिहिलं तर टीममधला नवीन मुलगा हसला. आणि आमच्या लंडन ऑफिसच्या बाई बिनधास्त 'सजेस्टेड दॅट ही गोज' लिहितात, त्यांना कोणी काही बोलत नाही. नवरा म्हणतो सॉफ्टवेअरला तपासायला दे, पण सॉफ्टवेअर बॅकअपच्या वाक्याला दोन्ही बाजूंनी बरोबर म्हणतं. मी नक्की कुठला नियम धरू? की माझं इंग्रजीच कच्चं आहे? – एसवर अडलेली"

उत्तर:

नमस्कार. एवढं मनाला लावून घेऊ नका असं लिहिणार होते, पण सगळ्या टीमसमोर कोणी आपला एस खोडला तर मलाही लागलं असतं, त्यामुळे ते राहू द्या, कामाचं बोलू.

चौथी पाचवीत तुम्ही रजेचा अर्ज लिहिला असणार. 'मला ताप आला आहे, मी शाळेत येऊ शकत नाही, तरी दोन दिवसांची रजा मंजूर करावी ही नम्र विनंती.' आता त्यातल्या 'करावी'वर बोट ठेवा. 'रजा मंजूर करता ही नम्र विनंती' असं आपल्यापैकी एकानेही लिहिलं नाही, अगदी व्याकरणात नापास होणाऱ्यानेही नाही, कारण रजा अजून मंजूर झालेलीच नाही, ती व्हावी एवढंच आपलं म्हणणं. 'ताप आला आहे' ही झाली बातमी आणि 'मंजूर करावी' ही झाली मागणी, आणि बातमीचं क्रियापद वेगळं, मागणीचं वेगळं, हे आपण दहाव्या वर्षी एकाच वाक्यात बिनचूक लिहून वर सही करून बाईंना दिलं होतं. शाळेत याला नावंही होती, क्रियापदाचे अर्थ चार, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, जे आपण पाठ केले आणि परीक्षा झाल्यावर विसरलो.

तर तुमच्या मॅनेजरनी जो एस खोडला तो या 'करावी'मुळे. इंग्रजीतलं इंडिकेटिव्ह म्हणजे ढोबळमानाने आपला स्वार्थ, जे आहे ते सांगणारं. आणि सबजंक्टिव्ह म्हणजे विध्यर्थ (आपला 'करावी') आणि संकेतार्थ (जर-तरचा 'असता तर') या दोघांची कामं एकट्याने ओढणारा म्हातारा नोकर. म्हातारा अशासाठी की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याला स्वतःचे प्रत्यय होते, ते पुढच्या काही शतकांत झिजून गेले आणि आता तो दिसतोच मोजक्या ठिकाणी. 'आय सजेस्ट दॅट दे गो' यात तो आहे पण दिसत नाही, कारण 'दे गो' तसंही 'गो'च. ही, शी, इट किंवा एकवचनी नाव आलं की एस गायब होतो तेव्हा दिसतो, अ‍ॅम-इज-आरच्या जागी नुसतं 'बी' येतं तेव्हा दिसतो, आणि 'वॉज'च्या जागी 'वेअर' येतं तेव्हा. बाकी 'नॉट'ची एक गंमत आहे, ती पुढे सांगते. म्हणजे तुमची सगळी भानगड एवढ्याशा जागेतली आहे, अख्खं इंग्रजी कच्चं वगैरे काही नाही.

आता तुमचं पहिलं वाक्य मराठीत करून बघा. 'क्लायंटने विनंती केली की व्हेंडरने शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्यावा.' द्यावा! 'देतो' नाही. मराठीत 'वा, वी, वे' आलं की इंग्रजीत क्रियापद कोरं ठेवायचं, ना एस ना ईडी. 'व्हेंडर सबमिट'. आणि बघा, मराठीत क्लायंट विनंती करतो, केली, करेल, काहीही असलं तरी 'द्यावा' हलत नाही, तसंच इंग्रजीतही. आपल्याकडे 'द डॉक्टर अ‍ॅडव्हाइज्ड दॅट ही टुक रेस्ट' असं सर्रास लिहितात, आधी भूतकाळ आला म्हणून पुढेही भूतकाळ, टेन्स जुळवायची सवय अंगात मुरलेली, तिथे 'टेक रेस्ट' पाहिजे. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्यावी, सल्ला काल दिला असला तरी 'घ्यावी'ला काळ नसतो.

आणि ही 'नॉट'ची गंमत. मराठीत 'तो जात नाही' आणि 'त्याने जाऊ नये' यात नकारच वेगळा आहे, नाही आणि नये. इंग्रजीतही 'ही डज नॉट गो' ही बातमी आणि 'आय सजेस्ट दॅट ही नॉट गो' हा सल्ला. तिथे डू, डज काही येत नाही, नुसतं 'नॉट गो'. कानाला विचित्र लागतं, मान्य आहे, पण 'नये' म्हणून वाचलंत की बसतं.

हे मी काहीतरी नवीन शिकवतेय असं समजू नका, तुमच्या आजूबाजूला हे कायम चालू असतं. लोकसभेत अध्यक्ष विधेयक मताला टाकतात तेव्हा म्हणतात 'द क्वेश्चन इज, दॅट द बिल बी पास्ड.' इज पास्ड म्हटलं तर मतदान कशाला घ्यायचं, ते झालंच की. हायकोर्टातल्या याचिकेच्या शेवटी वकील लिहितात 'दॅट धिस ऑनरेबल कोर्ट बी प्लीज्ड टु' अमुक तमुक. आणि माझा सगळ्यात आवडता नमुना, कंपनीच्या बोर्डाचा किंवा तुमच्या हाउसिंग सोसायटीचा इंग्रजी ठराव काढून बघा, 'रिझॉल्व्हड दॅट द सेक्रेटरी बी अँड इज हिअरबाय ऑथोराइज्ड'. बी अँड इज! एका दमात दोन्ही. 'बी' म्हणजे अधिकार देण्यात यावेत, आणि 'इज हिअरबाय' म्हणजे या ठरावाने देण्यात आले आहेत. मागणी पण आणि बातमी पण, म्हणजे उद्या कोणी सूचक-अनुमोदकांवरून भांडायला आला तरी सेक्रेटरी सुरक्षित. मी पूर्वी याला वकिली पाल्हाळ समजून हसायचे, आता मला हे 'बी' आणि 'इज' शेजारी शेजारी बसलेले बघून बरं वाटतं.

पुढे चला, बॅकअपचं वाक्य, कारण तुमच्या पत्रातलं खरं महागडं वाक्य ते आहे. सॉफ्टवेअर दोन्हीला बरोबर म्हणालं कारण दोन्ही बरोबरच आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि कॉलवर काय झालं ते सॉफ्टवेअरला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. 'इन्सिस्ट' हे क्रियापद दुतोंडी आहे. 'इन्सिस्टेड दॅट द बॅकअप बी टेकन' म्हणजे बॅकअप घेतला जावा असा आग्रह धरला. 'इन्सिस्टेड दॅट द बॅकअप इज टेकन' म्हणजे बॅकअप घेतला जातो असं ठासून सांगितलं. मराठीत आपण इथे शब्दच बदलतो, आग्रह आणि दावा, इंग्रजी तोच शब्द ठेवतं आणि सगळा भार पुढच्या 'बी' नाहीतर 'इज'वर टाकतं, आणि तुम्ही त्या बिचाऱ्या व्हेंडरच्या दाव्याचा आग्रह करून टाकलात. त्याचा फोन येणारच.

'सजेस्ट'चंही तसंच. 'द लॉग सजेस्ट्स दॅट द सर्व्हर इज स्लो', इथे लॉग कोणाला सल्ला देत नाहीये, लॉगवरून असं दिसतं एवढंच, म्हणून 'इज'. 'आय सजेस्ट दॅट द सर्व्हर बी रीस्टार्टेड', इथे माणूस सुचवतोय, म्हणून 'बी'. आणि 'इट इज इम्पॉर्टंट दॅट ही नोज' म्हणजे त्याला माहीत आहे हे महत्त्वाचं, 'दॅट ही नो' म्हणजे त्याला माहीत असावं हे महत्त्वाचं. एका एसने वाक्य घडलेल्याकडून घडवायच्याकडे जातं. त्यामुळे एस घालू की काढू असा प्रश्न आला की व्याकरण आठवू नका, कॉल आठवा, तो माणूस सांगत होता की मागत होता?

तिसरं 'वेअर'. यात मी तुम्हाला हसणार नाही कारण मी स्वतः हेच केलंय, आणि छापून आणलंय. वीस-बावीस वर्षांची असताना एका इंग्रजी पेपरात प्रूफं बघायचे, नाव नको, नुकतंच लाल कव्हरचं ग्रामर वाचून 'इफ' आला की 'वेअर' हे डोक्यात बसलं होतं. बातमीत वाक्य होतं, अधिकाऱ्याने विचारलं की रस्ता पूर्ण झालाय का, 'ही आस्क्ड इफ द रोड वॉज कम्प्लीट', आणि मी पेनाने मोठ्या थाटात 'वेअर' केलं. दुसऱ्या दिवशी डेस्कवरच्या सरांनी पान माझ्यासमोर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हा इफ 'जर' आहे का?" मी अजून त्या प्रश्नावरच चालते.

कारण इंग्रजीचा एक 'इफ' आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. 'तो मोकळा आहे का असं मी विचारलं', यात जर-तर नाही, 'का' आहे, आणि 'का'वाला इफ कधीच 'वेअर' मागत नाही, तिथे इफ काढून 'वेदर' ठेवलं तरी चालतं. म्हणून 'आय आस्क्ड इफ ही वॉज अव्हेलेबल'. तो नवीन मुलगा बरोबर होता, फक्त हसायची गरज नव्हती.

आता 'जर'वाल्या इफमध्येही दोन जाती आहेत, आणि इथे मराठी इंग्रजीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. 'तो ऑफिसात असेल तर त्याला भेटेन', असेल किंवा नसेल, दार उघडं आहे, इथे साधं इंडिकेटिव्ह, 'इफ ही इज इन द ऑफिस'. 'तो काल ऑफिसात होता ना, मग त्याने सही केली असणार', इथेही दार उघडंच, 'इफ ही वॉज इन द ऑफिस यस्टरडे, ही मस्ट हॅव साइन्ड'. या कालच्या वाक्यात लोक उगाच 'वेअर' घुसवतात. आणि तिसरं, 'तो आत्ता ऑफिसात असता तर मी त्याला भेटले असते', म्हणजे नाहीये तो, दार बंद, आपण फक्त कल्पना करतोय. हा 'असता'. हा संकेतार्थ. इथे 'इफ ही वेअर'. 'मी तुमच्या जागी असते तर', 'इफ आय वेअर यू'. मराठीत असता, असते, असतो आलं आणि वाक्य आत्ताबद्दल असलं की 'वेअर', इतकंच. बोलताना 'इफ आय वॉज यू' भरपूर इंग्रज-अमेरिकन म्हणतात आणि आकाश कोसळत नाही, पण कामाच्या मेलमध्ये आणि स्पर्धा परीक्षेच्या चूक शोधा प्रश्नात 'वेअर' ठेवा, तिथे तपासणारे लाल पेन घेऊनच बसलेले असतात.

इथे मराठीच आपल्याला एक खड्डा खणते, तो दाखवते. 'त्याने सांगितलं असतं तर मी आले असते.' आपल्याकडे दोन्ही बाजूंना 'असतं-असते', मग आपण इंग्रजीतही दोन्ही बाजूंना वुड घालतो, 'इफ ही वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम'. नको. इफच्या बाजूला 'हॅड टोल्ड', वुड फक्त पलीकडे. अमेरिकेत बोलताना हे ऐकू येईल, त्यावर जाऊ नका, लिहिताना चूकच धरतात.

आणि 'वा-वी-वे'ची युक्तीही डोळे झाकून वापरू नका, मी आत्ताच सांगते नाहीतर पुढच्या महिन्यात परत पत्र येईल. 'तो घरी असावा' यात 'वा' आहे पण मागणी नाही, अंदाज आहे, इंग्रजीत 'ही मस्ट बी अ‍ॅट होम'. 'तो यावा अशी आशा आहे' याचं 'आय होप ही कम्स', एससकट. होप हे क्रियापद विध्यर्थाला दारातच उभं करतं. आणि 'तो यावा असं मला वाटतं' याला इंग्रजी दॅट वापरतच नाही, 'आय वाँट हिम टु कम'. म्हणजे युक्ती चालते ती फक्त जिथे कोणीतरी कोणाला काही सांगतंय, मागतंय, सुचवतंय, ठरवतंय तिथे. रिक्वेस्ट, रेकमेंड, सजेस्ट, प्रपोज, डिमांड, इन्सिस्ट, आस्क, ऑर्डर, आणि इम्पॉर्टंट, एसेन्शियल, नेसेसरी ही मंडळी. मनातल्या मनात इच्छा करणं वेगळं, तोंड उघडून मागणं वेगळं, असं काहीसं इंग्रजीचं धोरण दिसतं. 'विश' त्यातून निसटतो, तो मागणीच्या घरात न राहता असता-असतेच्या घरात राहतो, 'आय विश आय वेअर देअर', मी तिथे असते तर किती बरं झालं असतं.

तुमच्या लंडनच्या बाई. त्या चुकत नाहीत हो. मागणीवालं हे कोरं क्रियापद विसाव्या शतकात अमेरिकेत जोरात परत आलं आणि तिथे ते आता अगदी रोजचं आहे, कारकुनी नाही वाटत. ब्रिटनमध्ये लोक त्याच जागी 'शुड' घालायचे आणि अजून घालतात, 'सजेस्टेड दॅट ही शुड गो', आणि बरेच जण साधं 'गोज' सुद्धा लिहितात, तिकडे ते खपतं. अमेरिकन कानाला मात्र तेच 'गोज' ऐकून वाटतं की अरे, तो जातो अशी बातमी देतायत की काय. आपल्या शाळांमधून आलेलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, आठवा ते 'लेस्ट यू शुड फेल', शिवाय सरकारी पत्रातलं 'लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड', हे शुड आणि मे म्हणजे सबजंक्टिव्हचं काम दुसऱ्याकडून करून घेणं. तुमच्या बाईंनी छडी मारली तीही चुकीची नव्हती, त्यांच्यासमोर 'रिक्वेस्टेड दॅट'वालं वाक्य कधी आलं नसेल. तर तुमचे मिनिट्स अमेरिकेत वाचले जातात, तुम्ही एस काढा. लंडनला मेल करताना 'सबमिट' लिहिलंत तरी त्यांना खटकणार नाही, फार तर थोडं औपचारिक वाटेल. म्हणजे कोरं क्रियापद दोन्हीकडे चालतं, 'गोज' एकीकडेच. हा हिशोब सोपा आहे.

आणि काही ठिकाणी तर म्हातारा नोकर इतका जुना झालाय की त्याला कोणी हलवतच नाही. 8 सप्टेंबर 2022 ला राणी एलिझाबेथ गेल्या आणि ब्रिटनच्या राष्ट्रगीतात 'क्वीन'चं 'किंग' झालं, पण 'गॉड सेव्ह' ला एस लागला नाही. सेव्हज म्हटलं तर देव राजाला वाचवतो अशी बातमी झाली असती, म्हणायचंय देव राजाचं रक्षण करो. 'गॉड ब्लेस यू', देव तुमचं भलं करो. 'कम व्हॉट मे', काहीही होवो. हा आपला 'करो, होवो' आहे, आजी रोज दिवा लावताना वापरायची तोच.

वाक्यच टाळू का असंही तुमच्या मनात असेल, तर हो, टाळता येतं, 'आस्क्ड द व्हेंडर टु सबमिट' लिहिलं की एसचा प्रश्न मिटला आणि वाक्य लहान झालं, मी स्वतः मिनिट्समध्ये बऱ्याचदा हेच करीन. पण 'इन्सिस्टेड' च्या वाक्यात पळवाट शोधू नका, तिथे 'डिमांडेड' की 'सेड' ते ठरवावंच लागेल, नाहीतर परत फोन.

व्हेंडरच्या त्या मिनिट्सची सुधारित कॉपी अजून पाठवली नसेल तर आजच पाठवा, 'बी टेकन'चं 'इज टेकन' करा, बाकी एक अक्षर हलवू नका, आणि सगळ्यांना कॉपीत ठेवा.